इंजिन ठेवायचं की बदलायचं? आजोबांची पद्मिनी आणि आमच्या घरातलं तीन आठवड्यांचं भांडण

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं थोडी नीट केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

हेडफोन लावलेत ना? आज जरा आवाजाचा विषय आहे. म्हणजे इंजिनाच्या आवाजाचा.

गेल्या महिन्यात मी इन्स्टावर एक छोटा व्हिडिओ टाकला होता. आमच्या घरच्या प्रीमियर पद्मिनीचं बॉनेट उघडं, आत इंजिनाची जागा रिकामी, आणि शेजारी बाबा खुर्ची टाकून बसलेत. त्याखाली निम्म्या लोकांनी लिहिलं, "ओरिजिनल इंजिनला हात लावू नका." उरलेल्या निम्म्यांनी लिहिलं, "भावा, नवीन इंजिन टाक आणि मजा कर." आणि एकानं विचारलं, "काका जेवले का?" तर हो, काका जेवले होते. आजचा भाग बाकीच्यांसाठी आहे.

जुन्या गाडीचं मूळ इंजिन ठेवायचं की काढून दुसरं बसवायचं, हा प्रश्न वरवर गॅरेजचा वाटतो. पण आमच्या घरी त्यावरून तीन आठवडे चहाच्या वेळी भांडण झालं. एक दिवस तर आईनं सांगून टाकलं, "तुम्ही दोघं आधी ठरवा, मग आत या." म्हणून म्हटलं, जे शिकलो ते तुम्हाला सांगावं. कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी आजोबांची स्कूटर असेल, मामाची जीप असेल, कुणाची तरी ॲम्बॅसिडर ताडपत्रीखाली झाकलेली असेल.

आधी गाडीची ओळख

ज्यांचा जन्म दोन हजारनंतरचा आहे, त्यांनी पद्मिनी पाहिली असेल ती मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंद यांनी सुरू केलेली कंपनी, कारखाना कुर्ल्याला. इटलीच्या फियाटची ११०० डिलाइट ही गाडी १९६४ पासून इथं बनायला लागली आणि पुढं १९७४ मध्ये तिचं नाव झालं पद्मिनी. म्हणून आमच्याकडं आजही कुणी तिला पद्मिनी म्हणत नाही, सगळे 'फियाट'च म्हणतात.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेव आरटीओत नोंदवली गेली होती. टॅक्सीसाठी वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळं ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. त्या दिवशी बाबा टीव्हीसमोर बसून होते. काही बोलले नाहीत, पण नंतर खाली जाऊन गाडीवरची ताडपत्री नीट करून आले.

आमची गाडी १९७८ ची. आजोबांनी बुकिंग करून बरीच वर्षं वाट पाहून घेतलेली. तेव्हा गाडीला वेटिंग असायचं, आणि तेही महिन्यांचं नव्हे, वर्षांचं. इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर, सुमारे ४० हॉर्सपॉवर. आज तुमच्या बाजूनं जी छोटी हॅचबॅक सुळकन निघून जाते, तिच्यात याच्या दीडपट ताकद असते. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला. ब्रेक चारी चाकांना ड्रम. पॉवर स्टिअरिंग, एसी वगैरे विषयच नाही.

आता झालं काय, तर गेल्या पावसाळ्यानंतर बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. बरे झाल्यावर त्यांनी एकच गोष्ट मागितली. "एकदा फियाट घेऊन पन्हाळ्याला जायचं. मी चालवणार." कोल्हापूरपासून पन्हाळा वीस-बावीस किलोमीटर. आम्ही गाडी काढली, धुतली, बॅटरी बदलली, निघालो. वाघबीळच्या चढावर गाडीनं जीव टाकला. मागं निळा धूर असा, की मागचा दुचाकीवाला हॉर्न वाजवत पुढं आला आणि म्हणाला, "काका, आग लागलीय का?" ऑइलचा लाल दिवा लुकलुकत होता. बाबांनी गाडी कडेला घेतली, चावी फिरवली आणि हात मांडीवर ठेवून बसले. टेम्पोला बांधून आम्ही परत आलो. येताना कुणी कुणाशी बोललं नाही.

दोन पक्ष

गंमत बघा. तुम्हाला वाटेल मी तरुण, म्हणजे मी म्हणणार नवीन इंजिन टाकू. आणि बाबा म्हणणार, आजोबांची आठवण आहे, हात लावायचा नाही. झालं बरोबर उलटं.

माझा एक मित्र गाड्यांच्या मॉडिफिकेशनचं काम करतो. तो म्हणाला, "भावा, जिप्सीचं इंजिन बसवू. १३०० सीसी, ८० हॉर्सपॉवर, इंजेक्शनवालं. चोक ओढायची कटकट नाही, कार्बोरेटर साफ करायची कटकट नाही. पन्हाळा काय, बाबांना महाबळेश्वरला पाठव." आणि बाबा लगेच तयार! म्हणाले, "करून टाक. गाडी चालवायला घेतली होती, पुजायला नाही."

आणि मी अडून बसलो. माझं म्हणणं असं, की आजोबांनी ज्या इंजिनावर गाडी चालवली, ज्याच्या आवाजावरून आजी गॅसवर चहा ठेवायची, ते इंजिन काढल्यावर उरलं काय? पत्रा. बाबा म्हणाले, "पत्र्यालाच तू लहानपणी टेकून झोपायचास. इंजिनावर नाही."

तीन आठवडे हेच.

शेवटी ठरलं, की आधी इंजिनाला खरंच काय झालंय ते बघू. मंडळी, ही पहिली शिकवण. आम्ही तीन आठवडे ज्या गोष्टीवर भांडलो, तिची तपासणीच केली नव्हती. आजारी माणसाला डॉक्टरकडं न नेता घरात ऑपरेशनवर वाद घालण्यासारखं.

उद्यमनगरात

कोल्हापूरच्या लोकांना उद्यमनगर सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो: फाउंड्र्या, लेथ, बोअरिंगची दुकानं, एका गल्लीत लोखंड ओततात आणि दुसऱ्या गल्लीत त्याला आकार देतात. तिथं एक मेस्त्री आहेत, वय सत्तरच्या आसपास, आयुष्यभर फियाट आणि ॲम्बॅसिडरची कामं केलेली. त्यांनी गाडी चालू करून धूर बघितला, ऑइलच्या काठीला लागलेलं ऑइल बोटावर घेऊन वास घेतला आणि मला म्हणाले, "पोरा, धुराचा रंग बघायला शीक. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. पांढरा आणि थांबतच नसेल, तर पाणी आत शिरतंय. आपला निळा आहे. मरणाचा नाही, म्हातारपणाचा आहे."

मग त्यांनी कॉम्प्रेशन टेस्ट केली. स्पार्क प्लग काढायचा, त्या जागी गेज लावायचा, थ्रॉटल पूर्ण उघडून स्टार्टर फिरवायचा. सिलिंडर किती दाब धरतोय ते गेज सांगतो. आमचे आकडे आले १२५, १२०, ७० आणि १२२ पीएसआय. तिसऱ्याचा घोटाळा.

आता पुढची गोष्ट मला फार आवडली. मेस्त्रींनी तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल ओतलं आणि पुन्हा टेस्ट घेतली. आकडा ७० वरून ११० वर गेला. का? तर पिस्टनच्या रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यातली फट त्या ऑइलनं थोडा वेळ बुजली. म्हणजे दाब तिथून निसटत होता. ऑइल टाकूनही आकडा हलला नसता, तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये शोधायला लागला असता. एक चमचा ऑइल आणि पाच मिनिटं, एवढ्यात निम्मा प्रश्न सुटला.

तुमच्याकडं कुठलीही जुनी गाडी असेल आणि कुणी बघताक्षणी म्हणालं, "इंजिन गेलं, बदलून टाका," तर आधी विचारा, कॉम्प्रेशन किती आलं? ऑइलचं प्रेशर गरम इंजिनावर किती आहे? आकडा न सांगता इंजिन बदलायला सांगणारा माणूस तुमच्या गाडीपेक्षा त्याच्या बिलाचा विचार करतोय, असं समजायला हरकत नाही.

आणि मग नंबर

इंजिन उतरवलं. मेस्त्रींनी रॉकेल आणि तारेचा ब्रश घेऊन ब्लॉकवरची माती काढली, कारण इंजिन नंबर बघायचा होता. काम काढण्याआधी नंबर आरसी बुकाशी जुळवून बघायचा, ही त्यांची शिस्त. त्यांनी नंबर वाचला, मी आरसी बुकाचं पहिलं पान उघडलं.

जुळेना.

मी परत वाचला. टॉर्च मारली. फोटो काढून झूम केला. नाही म्हणजे नाही. माझ्या पोटात गोळा. म्हटलं, आता काय, चोरीचं इंजिन? बाबांनाही काही माहीत नाही. मेस्त्री शांत. म्हणाले, "पानं उलट." दोन पानं उलटली, तर निळ्या शाईत हातानं लिहिलेली नोंद, गोल शिक्का, साल १९९१. इंजिन बदललं, नवीन नंबर अमुक. ब्लॉकवर होता तोच.

घरी येऊन आजोबांची कागदांची पत्र्याची पेटी काढली. त्यात बिल सापडलं, कुर्ल्याच्या एका स्क्रॅपवाल्याचं. आणि मागच्या बाजूला आजोबांच्या अक्षरात दोन ओळी: आंबोली घाटात पाणी संपून ब्लॉक तडकला, दुसरं घेतलं. बाबा त्या वेळी नोकरीसाठी नाशिकला होते. त्यांना आजोबांनी कधी सांगितलंच नाही. बहुतेक रेडिएटरमध्ये पाणी बघायचं राहिलं हे मुलाला सांगायची लाज वाटली असणार.

म्हणजे मंडळी, मी तीन आठवडे ज्या "आजोबांच्या मूळ इंजिना"साठी भांडत होतो, ते कुठल्या तरी मुंबईच्या गाडीचं होतं. बहुतेक टॅक्सीचंच. बाबा इतके हसले की गुडघा धरून बसले. आणि आजोबांनी स्वतः, डोळ्यांत पाणी न आणता, इंजिन बदलून आरटीओत नोंद करून गाडी पुन्हा रस्त्यावर आणली होती.

मला वाटलं, संपलं. आता जिप्सीचं इंजिन बसवायला माझ्याकडं कारणच उरलं नाही, म्हणजे विरोध करायला. पण दोन दिवसांनी शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं, की भावनेचं कारण गेलं तरी प्रश्न आहे तिथंच आहे. उलट आता तो नीट दिसतोय. मग आम्ही दोघांनी कागद घेतला आणि चार गोष्टी लिहिल्या. त्याच तुम्हाला सांगतो.

पहिली: झिजलंय काय, आणि ते मिळतं का?

इंजिन उघडल्यावर कळलं, की तिसऱ्या पिस्टनची रिंग तुटून भिंतीवर ओरखडे पडलेत. अशा वेळी सिलिंडर थोडा मोठा बोअर करतात आणि मोठ्या साइझचा पिस्टन टाकतात. पण आमच्या इंजिनाचं ते काम आधीच होऊन गेलेलं, पिस्टनच्या डोक्यावर साइझ कोरलेली होती. शेवटची साइझ. आता आणखी बोअर करायला भिंतीत लोखंडच नाही. मग उपाय लायनरचा: सिलिंडरमध्ये नवी नळी ठोकून बसवायची आणि बोअर परत मूळच्या ६८ मिलिमीटरवर आणायचा. उद्यमनगरात हे रोजचं काम आहे. क्रँक ग्राइंड करून नवी बेरिंग, व्हॉल्व्ह घासून, हेड फेसिंग करून, सगळं होण्यासारखं.

पद्मिनीच्या बाबतीत एक नशीब आहे. गाडी लाखांनी बनली, टॅक्सीत चालली, त्यामुळं पिस्टन, रिंग, गॅस्केट, बेरिंग शोधलं तर मिळतं. एखादी दुर्मीळ परदेशी गाडी असेल, तर हेच उत्तर उलटं येऊ शकतं. ब्लॉक तडकलाय आणि दुसरा मिळतच नाही, तर दुसरं इंजिन बसवणं किंवा गाडी कायमची उभी ठेवणं एवढेच पर्याय राहतात. आणि उभ्या गाडीला गंज लागतोच.

दुसरी: एक बदललं की काय काय बदलतं?

हे माझ्या मित्रानंच प्रामाणिकपणे सांगितलं, त्याचं कौतुक. जिप्सीचं इंजिन उभं बसतं आणि मागच्या चाकांना ताकद देतं, म्हणून ते पद्मिनीला त्यातल्या त्यात जमतं. मारुती ८०० चं इंजिन आडवं असतं आणि पुढची चाकं ओढतं, ते तसंच्या तसं जमत नाही. पण जमतं म्हणजे काय? इंजिनाचे माउंटिंग नवे. गिअरबॉक्स सोबत आला, म्हणून प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलायची. रेडिएटर मोठा. इंजेक्शनवालं इंजिन म्हणून ईसीयू, सेन्सर, नवी वायरिंग, टाकीत प्रेशरचा पेट्रोल पंप. आणि ४० हॉर्सपॉवरसाठी बनवलेल्या गाडीत ८० आल्यावर त्या ड्रम ब्रेकवर भरवसा ठेवायचा? म्हणजे पुढं डिस्क. मागचा डिफरन्शियल किती दिवस टिकेल, तोही प्रश्न.

मग तो म्हणाला, "आणि काका, गिअर खाली येणार. मजल्यावर."

बाबा गप्प. थोड्या वेळानं म्हणाले, "खाली म्हणजे? हँडलजवळचा जाणार?"

"जाणार ना. हा गिअरबॉक्सच वेगळा."

बाबांनी हवेत डावा हात उचलला, नसलेल्या दांड्यावर ठेवला, पुढं ढकलला, वर घेतला, पहिला, दुसरा. पन्नास वर्षांच्या जवळपास तो हात तेच करतोय. म्हणाले, "मग ती माझी गाडी कशी राहील?"

म्हणजे बघा, मी इंजिनाला धरून बसलो होतो आणि बाबांची गाडी होती त्या दांड्यात. "मूळ" काय, हे नंबर बघून ठरत नाही, गाडी चालवणाऱ्याला विचारून ठरतं. आम्ही ते तीन आठवड्यांत एकदाही विचारलं नव्हतं.

तिसरी: कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण फॉरवर्ड करू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की गाडी तिच्या उत्पादकानं ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. त्याच जातीचं इंजिन बसवून आरटीओत नोंद करणं, जे आजोबांनी केलं, ही एक गोष्ट. दुसऱ्याच कंपनीचं दुप्पट ताकदीचं इंजिन बसवणं ही वेगळी गोष्ट. सीएनजी किंवा इलेक्ट्रिक किट बसवायला कायद्यात वाट आहे, पण किट मान्यताप्राप्त पाहिजे आणि आरसीवर नोंद पाहिजे. इलेक्ट्रिक किटची तपासणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था करतात.

"अरे कोण बघतंय," असं म्हणणारे भेटतात. रोज कुणी बघत नाही, खरं आहे. पण अपघात झाला, की विमा कंपनीचा माणूस पहिल्यांदा इंजिन नंबर बघतो. न कळवलेला बदल सापडला, तर क्लेम अडकतो. समोरच्या गाडीतल्या माणसाला लागलेलं असेल, तर तो खर्च कुणाच्या डोक्यावर? हौस आपली असते, रस्ता सगळ्यांचा असतो.

आणि एक तारीख. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात ठेवलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न केलेली, अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळू शकतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. आमची गाडी १९७८ ची, म्हणजे २०२८ मध्ये पन्नाशी. जिप्सीचं इंजिन घातलं असतं, तर तो दरवाजा तीन वर्षं आधीच स्वतःच्या हातानं बंद केला असता.

पण लगेच हुरळून जाऊ नका. व्हीए नंबरची गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्तीसाठी नेणं, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. बाबांना पन्हाळ्याला जाऊन भजी खायची आहेत, ते त्यात बसत नाही. म्हणून आम्ही सध्या तरी साध्या नोंदणीचं नूतनीकरणच करत राहणार. १९९१ च्या नोंदीच्या पानाची आणि बिलाची मात्र झेरॉक्स काढून, स्कॅन करून ठेवलीय. पुढं कधी अर्ज केलाच, तर हा कागद आधी लागणार.

चौथी: चुकलं, तर परत फिरता येतं का?

मला हा सगळ्यांत उपयोगी प्रश्न वाटतो. इंजिन बांधून घेतलं आणि उद्या मन बदललं, तर दुसरं बसवता येतं. पण गिअर खाली आणण्यासाठी एकदा मजल्याचा पत्रा कापला, की तो कापलेलाच राहतो. म्हणून आमचा नियम ठरला: जिथं कापायचं आहे तिथं थांबायचं, जिथं नटबोल्ट आहे तिथं पुढं जायचं.

या नियमानं आम्ही काही गोष्टी बिनधास्त बदलल्या. आता पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं असतं. जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपाचा डायफ्राम त्यानं खराब होतो, आणि गाडी बरेच दिवस उभी राहिली, की इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. म्हणून इथेनॉल चालणाऱ्या नळ्या टाकल्या. रेडिएटरचा कोअर नवा. ब्रेकचे सगळे सिलिंडर आणि पाइप नवे. सीटबेल्ट. यातलं काही मूळचं नाही, पण सगळं उद्या काढता येतं. आणि आंबोलीच्या घाटातून शिकून टेंपरेचरचा एक जादा काटा. आजोबा बघत असतील तर त्यांना कळेल कशासाठी.

मग बदलायचं कधी?

मी मूळ इंजिनवाल्यांचा प्रचारक झालोय असं वाटून घेऊ नका. इंजिन बदलणं हे पाप वगैरे अजिबात नाही. खुद्द प्रीमियरनं १९९० च्या दशकात पद्मिनीत डिझेल इंजिन घालून १३७ डी विकली. त्याच कंपनीची ११८ एनई म्हणजे फियाटची बॉडी आणि निसानचं इंजिन. ॲम्बॅसिडरमध्ये हिंदुस्तान मोटर्सनं इसुझूचं १८०० सीसी इंजिन बसवलं आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. फरक एवढाच, की कंपनीनं इंजिन बदललं तेव्हा गिअर, ब्रेक, कागद सगळं सोबत बदललं. आपण गल्लीत फक्त इंजिन बदलतो आणि बाकीचं देवावर सोडतो.

ब्लॉक कामातून गेलाय, सुटे भाग मिळत नाहीत, गाडी खरोखर वापरायची आहे, ब्रेकचं आणि कागदांचं काम सोबत करायची तयारी आहे: मग जरूर बदला. फक्त जुनं इंजिन भंगारात घालू नका. ऑइल लावून, तोंडं बंद करून, लाकडी खोक्यात ठेवा. तुमच्या नातवाला काय वाटेल, हे तुम्ही आत्ता ठरवू नका.

पैशांचं विचारलं होतं काही जणांनी. आम्हाला सांगितलेले अंदाज असे: जिप्सीचं सगळं काम, ब्रेक धरून, सव्वादोन लाखांच्या पुढं. इंजिन बांधायचं लायनरसकट पाऊण लाखाच्या आसपास. तुमच्या गावात, तुमच्या गाडीला आकडे वेगळे येतील. पण दोन्ही अंदाज लेखी घ्या, आणि त्यात काय धरलं नाही ते आधी विचारा.

तर आता

इंजिन बांधून झालं. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा मेस्त्री कान लावून उभे होते. टॅपेट थोडे टकटकत होते, त्यांनी गरम इंजिनावर पुन्हा सेटिंग केलं आणि बाबांना म्हणाले, "साहेब, बसा." बाबांनी क्लच दाबला. गुडघा दुखतोय का विचारलं, तर उत्तरच नाही. डावा हात दांड्यावर गेला, पहिला गिअर पडला, गाडी गल्लीच्या टोकाला जाऊन वळली आणि परत आली. धूर नाही.

पन्हाळा? अजून नाही. नवीन बांधलेलं इंजिन आहे, पहिले हजार किलोमीटर रनिंग-इन. मेस्त्रींची ताकीद: पन्नासच्या वर जायचं नाही, चढावर ताणायचं नाही, पाचशेला ऑइल बदलायचं. आज सकाळी मीटर बघितला, ६४० झालेत. बाबा रोज संध्याकाळी रंकाळ्याला एक फेरी मारून येतात आणि डायरीत किलोमीटर लिहितात. परवा आई म्हणाली, "दवाखान्याची औषधं इतकी नेमानं घेतली असतीत तर!"

त्या टॅक्सीवाल्याचं कधी कधी मनात येतं, ज्याच्या गाडीतून हे इंजिन आलं. त्यानं किती लोकांना दादरला, व्हीटीला सोडलं असेल. आणि आता ते कोल्हापुरात रंकाळ्याला फेऱ्या मारतंय. मला आता ते आजोबांचंच वाटतं. त्यांनी शोधून आणलेलं, त्यांनी नोंद केलेलं, चुकीसकट.

चला मंडळी, इथं थांबतो. तुमच्या घरी अशी ताडपत्रीखालची गाडी असेल, तर एक काम करा. आज आरसी बुक काढा आणि सगळी पानं उलटून बघा. काय सापडलं ते व्हॉइस नोटवर सांगा, पुढच्या भागात ऐकवतो. आणि घरात जे कुणी ती गाडी चालवायचे, त्यांना विचारा, गाडीत त्यांची म्हणावी अशी गोष्ट कुठली. उत्तर इंजिन असेलच असं नाही.

भेटू पुढच्या आठवड्यात. हेल्मेट घाला, सीटबेल्ट लावा, आणि हो, रेडिएटरमध्ये पाणी बघा!